पायात काही बांधलंय का?

पावसाळ्यात आमच्या घरात सगळंच फुगतं. मागचं दार फुगून चौकटीत अडकतं, ते खांद्याने ढकलावं लागतं. देव्हाऱ्याखालचा खण फुगतो आणि उदबत्त्या दिवाळीपर्यंत आतच राहतात. माझा डावा घोटा फुगतो, कारण त्यात पोलादाची पट्टी आणि सहा स्क्रू आहेत. याबद्दल माझी तक्रार नाही. पस्तीस वर्षं जहाजावर काढलेल्या माणसाने दमट हवेशी भांडणं म्हणजे निव्वळ मूर्खपणा. मी भांडतो ते दुसऱ्याच गोष्टींशी.

काल दुपारी वहिनीने कपाटावरचा बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला. त्यातून लाल दोऱ्याचं रीळ घेतलं आणि पडवीतल्या बाकावर, माझ्या चहाच्या कपाशेजारी ठेवलं. माझ्याकडे बघितलं नाही. "असू दे हाताशी," एवढंच म्हणाली आणि आत गेली. तीन वर्षं ते रीळ डब्याबाहेर आलं नव्हतं. का आलं नव्हतं ते मला ठाऊक होतं, आणि काल का आलं तेही ठाऊक होतं. चहा निवून गेला. मी त्या रिळाकडे बघत बसलो आणि माझं डोकं तापत गेलं.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, अण्णाची बायको. ती या घरात आली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि आई जाऊन वर्ष झालं होतं. मला न्हाऊ-माखू घातलं तिने, शाळेत घातलं तिने, आणि एकोणिसाव्या वर्षी जहाजावर निघालो तेव्हा ट्रंकेत कुळथाचं पीठ आणि आमसुलं भरून दिली तीही तिनेच. तरी पहिल्या दिवसापासून मला 'भावजी' आणि 'तुमी' म्हणत आलीय. फक्त फार रागावली किंवा फार घाबरली, की तोंडातून 'वसंता' आणि 'तू' निघतं. माझ्या आठवणीत असं चार-पाचदाच झालंय.

आमचं घर मालगुंडच्या पुढे, सड्याच्या उतरणीला. वर जांभा, खाली माड, आणि मधल्या आवारात वहिनीच्या कोंबड्या. वहिनीला देवाखालोखाल कोंबड्या प्रिय, आणि कोंबड्यांखालोखाल मी, असा क्रम मी पूर्वीच मान्य करून टाकला आहे.

आमच्याकडे राखणदार असतो. देऊळ नाही, मूर्ती नाही. आवाराच्या हद्दीवर उंडीच्या झाडाखाली एक उभा काळा दगड आहे, तोच तो. तो घर राखतो, गुरं राखतो, दूर गेलेली माणसं राखतो. त्याच्या बदल्यात भात घरात आलं की त्याला वर्षाचा कोंबडा द्यायचा. कुठला, ते आधीच ठरतं. वैशाखात पिल्लांमधला एक तरतरीत नर निवडायचा, ज्याच्यासाठी मागणं आहे त्याचं नाव घ्यायचं आणि पिल्लाच्या उजव्या पायात लाल दोरा बांधायचा. त्या दिवसापासून तो 'बोललेला' कोंबडा. तो कुणी विकत नाही, जावई आला म्हणून कापत नाही, त्याला नावसुद्धा ठेवत नाही. आणि दोरा मधेच कुणी सोडत नाही, कारण हाताने दोरा सोडला की बोलणं सुटलं.

पस्तीस वर्षं आमच्या आवारात माझ्या नावाचा एक कोंबडा फिरत असे. मी कधी इराणच्या आखातात, कधी ब्राझीलच्या किनाऱ्याला, आणि इथे माझा जीव पायात दोरा बांधून शेणखईवर किडे उकरतोय. जहाजावरच्या पोरांना हे सांगून मी खूप हसवलंय. मी डेकवरचा सारंग होतो, म्हणजे खलाशांचा मुकादम. माझ्या विनोदांना हसणं त्यांना भागच होतं.

तीन वर्षांपूर्वीचा तो पावसाळा मात्र हसण्याचा नव्हता. त्या माघात जहाजाच्या शिडीवरून घसरून माझा घोटा फुटला. पट्टी बसवली, घरी पाठवलं, आणि वैशाखात कंपनीच्या डॉक्टरने कागदावर 'अनफिट' असा शिक्का मारला. ज्यांच्या शिडीवरून पडलो त्यांनीच, पडलास म्हणून चालणार नाहीस, असं कळवलं. मी पडवीत पाय स्टुलावर ठेवून बसायला लागलो. येणाजाणारा प्रत्येक जण आधी पायाकडे बघे, मग तोंडाकडे. मला माणसांचा वीट आला होता. कोंबड्या बऱ्या, त्या बघून झालं की निघून जातात.

त्याच वैशाखात वहिनीने दोरा बांधला होता. माझा पाय बरा व्हावा म्हणून. एरवी ती एकेरी सुताचा, सैलसा बांधायची, तो पावसात कुजून आपोआप गळायचा आणि तोवर कोंबडा सगळ्यांच्या ओळखीचा झालेला असायचा. त्या वर्षी तिने चार पदर एकत्र वळले आणि दोन गाठी मारल्या. जास्त मायेने बांधला, एवढाच त्याचा दोष.

आषाढ संपत आला होता. आठ दिवस पाऊस हटला नव्हता, आवारात पायाच्या घोट्याइतका चिखल, परसातल्या केळी आडव्या. सकाळी वहिनीने खुराड्याची फळी काढली की कोंबड्या एकेक बाहेर पडत, अंग झाडत, पागोळ्यांच्या आतल्या कोरड्या पट्टीवर रांगेने उभ्या राहत. त्या दिवशी बोललेला कोंबडा सगळ्यांत शेवटी आला. आला आणि एका पायावर उभा राहिला. कोंबड्या तशा एका पायावर उभ्या राहतातच, म्हणून मी लक्ष दिलं नाही. मग वहिनीने मूठभर कणी फेकली. बाकीच्या तुटून पडल्या. हा एक उडी आला, थांबला, दुसरी उडी आला, तोवर दाणे संपले होते. त्याने उजवा पाय टेकवलाच नव्हता. तो पाय डाव्याच्या दुप्पट झाला होता. बोटं फुगून एकमेकांपासून फाकली होती आणि कातडी ताणून चकाकत होती.

"चिखलान झाला असेल," वहिनी म्हणाली. तिने आंबेहळद आणि रक्तचंदन उगाळलं, नडगीपासून बोटांपर्यंत जाड लेप थापला आणि कोंबडा डाल्याखाली ठेवला. दुसऱ्या दिवशी लेपावर लेप. तिसऱ्या दिवशी अजून एक. माझ्याही घोट्यावर त्याच वाटीतला लेप लागत होता. आम्ही दोघं, मी आणि कोंबडा, पडवीच्या दोन टोकांना लाल पाय घेऊन बसलेले. मला असल्या जुळण्या आवडत नाहीत, पण डोळ्यांसमोर असल्यावर करणार काय?

चौथ्या दिवशी सोनूतात्या आले. तात्या आमच्या भावकीतले वडीलधारे. राखणदारापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. डोक्यावरची प्लास्टिकची खोळ खांबाला अडकवून त्यांनी डालं उचललं, कोंबड्याकडे बराच वेळ बघितलं.

"वयनी, ह्या साधा सुजणा नाय," ते म्हणाले. "राखणदारान पाय धरलान. मागच्या वर्साचा राखण उशिरा झाला ना तुमचा?"

वहिनीचा चेहरा उतरला. "मग काय करू?"

"ह्याला घरात खावा. लंगडा त्याला चालायचा नाय. दुसरा बोला, आन लवकर बोला."

मी स्टुलावरून पाय खाली घेतला. "तात्या, पाय त्यानेच धरलान ना?"

"होय तर."

"मग आपणच लंगडा करायचा आणि आपणच लंगडा नको म्हणायचा? तुमचा राखणदार माझ्याच कंपनीत कामाला हाय काय?"

तात्या खोळ न घेताच निघाले. वहिनी दिवसभर माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळचं ताट ठेवलं तेही आवाज करून. पण मला त्या आठवड्यात पहिल्यांदा बरं वाटत होतं. कुणीतरी कुणाला तरी टाकाऊ ठरवत होतं आणि या वेळी उलट उत्तर द्यायला मी जागेवर हजर होतो. शिक्का मारणाऱ्या डॉक्टरपुढे मी नुसता मान हलवून आलो होतो. त्याची लाज मला अजून वाटते.

हा कोंबडा मरू द्यायचा नाही आणि रश्शातही जाऊ द्यायचा नाही, असं मी त्या रात्री जेवता जेवता ठरवलं. सकाळी गुरांच्या दवाखान्यात फोन लावला. तिथल्या डॉक्टरीणबाईंचा आवाज तरुण होता आणि त्यांना घाई नव्हती.

"तळव्याला काळी खपली आहे का?" त्यांनी विचारलं. उंचावरून दगडावर उडी मारणाऱ्या कोंबड्यांना तळव्याला गाठ येते, तिच्यावर अशी खपली धरते म्हणे. मी बघितलं. नव्हती.

"नडगीवरचे खवले उचलले गेलेत का? भुकटी पडल्यासारखे?" तो किड्यांचा आजार, त्याला करंजेल चालतं. तसंही नव्हतं.

"पायात काही बांधलंय का?"

"नाही," मी म्हणालो.

"सुतळी, रिंग, जाळ्याचा धागा? नीट बघा."

"काही नाही हो बाई. मोकळा पाय आहे."

त्यांनी कोमट मिठाच्या पाण्यात पाय शेकायला सांगितला, कोरड्या जागी ठेवायला सांगितला आणि उतार नाही पडला तर गुरुवारी घेऊन या म्हणाल्या. मी फोन ठेवला. आणि इथे मला एक गोष्ट नीट सांगायची आहे. मी खोटं बोललो नव्हतो. लेपाखाली दोरा दिसत नव्हता हे खरं, पण तो तिथे आहे हे मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? माझ्याच नावाचा होता तो. पण 'पायात बांधलेलं काही' असं त्याच्याकडे आमच्या घरात कुणी बघतच नव्हतं. तो राखणेचा दोरा होता. कोंबड्याला जसा तुरा असतो, तसा बोललेल्या कोंबड्याला दोरा असतो. तुरा काढा असं कुणी म्हणतं का? पस्तीस वर्षं दोरखंडांत हात घातलेला सारंग मी, सुती दोर ओला झाला की आखूड होतो आणि गाठ आवळते हे नव्या पोरांना ओरडून शिकवणारा, आणि मी त्या बाईंना म्हणालो, मोकळा पाय आहे.

माझ्या घोट्याला डॉक्टरांनी एक घट्ट इलॅस्टिकचा मोजा दिला होता. त्याच दिवशी अंघोळीआधी तो काढला तर नडगीवर गोल खाच पडली होती आणि खाचेखालचा पाय सगळा टम्म. मी त्या खाचेवरून बोट फिरवलं. बोट अर्ध्यावर असताना मला कळलं. अंघोळीचं पाणी तसंच टाकून, पंच्यावरच, भिंत धरत धरत मी पडवीत आलो आणि डालं उचललं.

मिठाचं कोमट पाणी घमेल्यात घेतलं आणि पाय बुडवून लेप विरघळवला. चार दिवसांचे थर होते, पाणी लालभडक झालं. खाली नडगीला एक काळपट वळं होतं. दोरा दिसतच नव्हता. पाय वाढला होता, दोरा वाढला नव्हता, आणि कातडी त्याच्यावरून पुढे येऊन मिटायला लागली होती. मी ब्लेड मागितलं.

वहिनी दारात उभी होती. तिने ब्लेड आणलं नाही. "कापू नको तू," म्हणाली. "वसंता, तुझ्या नावाचा हाय तो. कापू नको."

"पाय जाईल त्याचा."

"जाऊ दे पाय. तुझा काय झाला म्हंजे मी कुणाला सांगू?"

मग तिने अण्णाचं सांगितलं. अण्णा मच्छीमारी बोटीवर होता, आणि नारळी पौर्णिमेनंतर खाडीच्या तोंडाशी बोट उलटली हे सगळ्या गावाला माहीत आहे. जे माहीत नव्हतं ते असं. त्या वर्षी अण्णाच्या नावाचा दोरा बांधलेला कोंबडा ज्येष्ठात रानमांजराने नेला होता. दुसरा बोलायला हवा होता. वहिनीने म्हटलं, लावणी उरकू दे. लावणी उरकली तेव्हा म्हटलं, गणपती होऊ देत. गणपतीच्या आधीच बोट गेली. ती हे कुणालाही बोलली नव्हती. त्यानंतर मी जहाजावर असताना एकही वैशाख तिने चुकवला नाही. कोंबडा मेला, नेला, हरवला, तर त्याच दिवशी दुसऱ्याच्या पायात दोरा. पस्तीस वर्षं मी ज्याच्यावर विनोद करत होतो, ते हे होतं.

मला तिची दया आली असं लिहिलं तर खोटं होईल. मला राग आला.  ज्या बाईने नवरा गमावला तिच्याच डोक्यावर त्याच्या मरणाचं ओझं कुणी ठेवलं? तात्यांनी नाही, तेवढी त्यांची कुवत नाही. त्या दगडानेही नाही. कुणीच ठेवलं नव्हतं, म्हणूनच ते उतरवायलाही कुणी आलं नव्हतं.

"वयनी," मी म्हणालो, "समुद्राला दोरा कळत नाय. मी त्याला पस्तीस वर्सा बगितलाय. त्याला नावा कळत नायत, चांगला-वायट कळत नाय, कोंबडा कळत नाय. त्या दिवशी भरती आणि वारा एकमेकांवर आले, बोटीत माणसा जास्त होती, एवढाच झाला. तुझ्या हातून काय एक झाला नाय."

 ती आत जाऊन ब्लेड घेऊन आली, बाकावर ठेवलं आणि कोंबडा मांडीत घेतला. दुसऱ्या कुणाच्या हातात तो शांत राहिलाच नसता, हे तिलाही ठाऊक होतं. "मी धरतेय," म्हणाली. "पण बगणार नाय मी."

बारीक काम होतं. तिच्या वाती वळायच्या डब्यातली सुई घेतली, उकळत्या पाण्यात धरली, तिच्या टोकाने दोऱ्याचा एक पदर उचलला आणि त्याखाली ब्लेडचा कोपरा सारला. एक पदर. दुसरा. कोंबडा एकदा ओरडला आणि वहिनीने त्याच्या डोळ्यांवर लुगड्याचा पदर टाकला. तिचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते. चौथा पदर तुटला तशी तिच्या मांडीत रुतलेली कोंबड्याची नखं एकदम सैल पडली, ते तिला न बघताही कळलं. "सुटला काय?" तिने विचारलं. मी हो म्हणालो. दोऱ्याचे तीन तुकडे निघाले. ते तिने उचलून कमरेला खोचले.

दुसऱ्या सकाळी उघडीप होती. मी काठी घेतली आणि उंडीखाली गेलो. गाऱ्हाणं घालायचा मान माझा नाही, पण गाऱ्हाण्याचा आवाज मला काढता येतो. वादळात डेकवरून ओरडायचा मला सराव आहे. दगडासमोर उभा राहिलो आणि वाडीला ऐकू जाईल असा बोललो, "बाबा राखणदारा, तुझा दोरा मी कापला. हिने नाय, मी. काय धरायचा असेल तर माझा धर. डावा पाय आधीच धरलेला हाय, उजवा शिल्लक हाय. पण ह्या घरातल्या बाईकडे आणि त्या कोंबड्याकडे बगायचा नाय." दोन कावळे उडाले. तात्यांच्या घराची खिडकी लागल्याचा आवाज आला. मी परत आलो आणि दोन वाट्या पेज प्यायलो.

पुढचा महिनाभर आमची पडवी म्हणजे दवाखाना झाली. रोज कोमट मीठपाणी, मग औषधाचं तपकिरी पाणी, मग जुन्या सुती साडीची पट्टी, आणि ती बांधताना मी प्रत्येक वेळी खाली करंगळी घालून बघायचो. डाल्याखाली कोरडा पेंढा, तो रोज बदलायचा. बसायला जमिनीलगत एक जाड फांदी, म्हणजे उडी मारायला नको. दुखरा पाय दिसला की बाकीच्या कोंबड्या टोचतात, म्हणून त्याला वेगळा ठेवायचा. सूज आधी नडगीवरून उतरली, मग बोटांवरून. बाहेरचं एक बोट मात्र काळं पडून वाळलं आणि श्रावण संपताना गळून गेलं. तीन बोटांवर त्याने पहिलं पाऊल टाकलं तेव्हा वहिनी भाकरी थापत होती. ती पिठाच्या हातानेच बाहेर आली. "आला बगा तुमचा सारंग," म्हणाली.

तिने त्याला नाव ठेवलं होतं. बोललेल्याला नाव ठेवत नाहीत. मी काठी उचलून उगाच परसात गेलो आणि केळीच्या आड नाक पुसलं.

भाद्रपदात मला ताप भरला. चांगला चढला, चार दिवस उतरेना. वाडीला वाटायचं ते वाटलं. तात्या आले, उंबऱ्यातच उभे राहिले, "मी सांगितलेला," म्हणाले. मी आत गोधडीखाली दात वाजवत होतो आणि उठून उत्तर द्यायची ताकद नव्हती. वहिनीचा आवाज मात्र स्वच्छ ऐकू आला. "डास चावले," ती म्हणाली. "तुमच्या दारातल्या डबक्यातले. ता बुजवा आधी." त्या तापात मला जेवढं बरं वाटलं तेवढं तंदुरुस्त असताना वाटलेलं नाही.

त्यानंतर रीळ डब्यात गेलं. समुद्रावर जाणारं घरात कुणी उरलं नव्हतं, हे एक कारण. दुसरं आम्ही दोघंही बोललो नाही. सारंग अजून आहे, तीन बोटांवर आवार चालवतो, पहाटे वेळेआधी आरवतो आणि तात्यांच्या अंगणात जाऊन घाण करतो. त्याला कोण शिकवतं, असं तात्या विचारतात.

त्या पावसाळ्याने मला एक सवय लावली. मी पायांकडे बघतो. कोंबडीच्या, गाईच्या, माणसाच्या. या ज्येष्ठात वहिनी पायरीवर बसून चप्पल काढत होती आणि पट्ट्याखालची खाच मला दिसली. गोल, खोल, मिटायला वेळ घेणारी. तिने लगेच लुगड्याचा काठ ओढून घेतला.

"पावसान झाला असेल," म्हणाली.

"चिखलान झाला असेल," मी म्हणालो. मग आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि तिसऱ्या दिवशी मी तिला रत्नागिरीला डॉक्टरांकडे नेलं. ती येत नव्हती. मी रिक्षात बसून हटून राहिलो, तासभर, रिक्षावाल्यासकट. हृदयाची एक झडप नीट मिटत नाही म्हणाले. मुंबईला शस्त्रक्रिया करावी लागेल, वय आहे, धोका आहे, पण नाही केली तर धोका जास्त. तिची मुलगी पोफळीहून आलीय, तिने सगळे कागद जमवलेत. सोमवारी निघायचं आहे. वहिनी अजून एकदाही घाबरले असं म्हणालेली नाही. कोंबड्यांचं खाणं कुठल्या डब्यात, कुठली खुडूक बसलीय, कुठली अंडी उबवायची नाहीत, हे मात्र मला चारदा सांगून झालंय.

आणि मग काल ते रीळ.

स्वतःसाठी बोलायचं नसतं. दुसऱ्याने बोलायचं असतं. अण्णाच्या नावाचा कोंबडा असायचा, माझ्या नावाचा असायचा, मुलीच्या बाळंतपणात तिच्या नावाचा होता. एवढी वर्षं ही बाई या आवारात कोंबड्यांच्या पायांत दुसऱ्यांचे जीव बांधत राहिली आणि तिच्या नावाचा दोरा एकदाही कुणी बांधला नाही. मला काल राग आला तो याचा. तिच्यावर नाही, राखणदारावर नाही. माझ्यावर आणि आमच्या सगळ्या गेलेल्या-आलेल्या पुरुषांवर. दूर जाणाऱ्याचाच जीव तेवढा जीव. घरात राहून सगळ्यांना परत बोलावणाऱ्याचा कुणी हिशेबच धरला नाही.

माझा दोऱ्यावर विश्वास नाही. आजही नाही, उद्याही बसणार नाही, हे मी इथे लिहून ठेवतो. सोमवारी काय होईल ते त्या डॉक्टरच्या हातावर आणि तिच्या हाडापेरावर आहे. आणि कोंबड्याच्या पायाला या आवारात पुन्हा दोरा लागणार नाही, मग तो राखणदार स्वतः उठून मागायला आला तरी. पण तिचा विश्वास आहे, आणि ती जाणार आहे एकटी, त्या टेबलावर, जिथे मी हट्ट करूनही आत जाऊ शकत नाही.

आज सकाळी ती खुराडं उघडायला बाहेर आली. कोंबड्या पागोळ्यांच्या आत रांगेने उभ्या राहिल्या, सारंग मधे. मी पडवीत बसलो होतो, डावा पाय स्टुलावर, मोजा काढलेला. रीळ घेतलं, हातभर दोरा तोडला. ती कणी फेकायची थांबली. मी दोरा पट्टीवरून, सहा स्क्रूंवरून, माझ्याच घोट्याभोवती घेतला आणि उंडीच्या दिशेने तोंड करून मोठ्याने तिचं नाव घेतलं. तिचं खरं नाव, लग्नातलं, अण्णाने ठेवलेलं. गेल्या कित्येक वर्षांत ते या घरात कुणी उच्चारलं नव्हतं.

मी पहिली गाठ मारली. ती जवळ आली, वाकली. सुजल्या पायांनी वाकायला तिला वेळ लागला. तिने गाठीखाली स्वतःची करंगळी घातली.

"सैल बांद, वसंता," ती म्हणाली. "पावसात पाय फुगतो तुझा."